लेकीच्या पोटावरची पिशवी

आमच्या घरात शी या विषयावर जेवढं मोकळेपणानं बोललं जातं, तेवढं उज्जैनमधल्या दुसऱ्या कुठल्या मराठी घरात बोललं जात असेल असं मला वाटत नाही. पाहुणे आले की मला आधी सगळ्यांना डोळ्यांनी दटावावं लागतं. पूर्वी असं नव्हतं. माझा नवरा मूळचा फार संकोची. लग्नानंतर पहिल्यांदा अकोल्याला माझ्या माहेरी आला, तेव्हा संडास कुठे आहे हे विचारायला त्याला दुपार झाली होती. तोच माणूस पुढे बँकेत काउंटरवर बसून, समोर रांग उभी असताना, फोनवर मला "रंग कसा आहे, हिरवट की पिवळा?" असं विचारू लागला. हे सगळं आमच्या लेकीमुळे झालं.

ती पोटात होती आणि मला आठवा महिना लागला होता. मी फ्रीगंजमधल्या एका शाळेत भूगोल शिकवते. सोनोग्राफीचं सेंटर शाळेपासून पायी पाच मिनिटांवर, म्हणून मी पुढचे दोन तास सुटी मागून एकटीच गेले होते. काळजी अशी काही नव्हतीच. पोट जरा जास्त वाढलंय असं सासूबाई म्हणत होत्या, आणि त्याचं श्रेय त्या रोजच्या दूध-जिलेबीला देत होत्या.

सोनोग्राफीचे डॉक्टर बोलके होते. आधीच्या खेपेला त्यांनी मला बाळाचं नाक दाखवून "नाक महाराष्ट्रातलं आहे" असं सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र बोलता बोलता ते थांबले. हातातलं यंत्र एकाच जागी फिरवत राहिले. मग त्यांनी मला कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा सरळ व्हायला सांगितलं, आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?"

कुणीच आलं नव्हतं. नवऱ्याची बँक जवळच होती, तो दहा मिनिटांत पोचला. हेल्मेट काढायचं विसरून तसाच आत आला.

"बाळाच्या पोटात पांढरे ठिपके दिसताहेत," डॉक्टर म्हणाले. "थोडं पाणी आहे, आणि आतडं फुगलेलं वाटतंय. माझा अंदाज असा की आतड्याला आतल्या आत कुठंतरी छिद्र पडलं असावं. तुम्ही इंदूरला जाऊन लहान मुलांच्या सर्जनना भेटा. उशीर करू नका, पण घाबरूनही जाऊ नका."

घाबरू नका असं डॉक्टरांनी म्हटलं की माणूस काय करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही दोघं खाली आलो आणि रसवंतीच्या बाकावर बसलो. नवऱ्याच्या डोक्यावर अजून हेल्मेट होतं. मी म्हटलं, "ते काढ." त्यानं काढलं. मग म्हणाला, "जन्माला यायच्या आधीच पोट बिघडलं? यानं खाल्लं काय?" तो विनोद करत नव्हता, खरंच विचारत होता. पण मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं.

घरी सासूबाईंना सांगायचं मला दडपण होतं. त्या नानाखेड्यातल्या आमच्या घरात गेली पंचवीस वर्षं राहताहेत, त्याआधीच्या कित्येक पिढ्या याच शहरात. त्यांची मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलेली. सगळं ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, तू टेन्शन नको घेऊ. नळ फुटला तर प्लंबरला बोलावतो न? तसंच हे." पुढे नात्यातल्या एका बाईंचा फोन आला. गेल्या ग्रहणात मी काही चिरलं होतं का, याची त्यांना चौकशी करायची होती. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ग्रहण तुमच्या फोनला लागलंय, काही ऐकू येत नाही." आणि फोन ठेवून दिला.

तरी माझ्या मनात एक खोच होतीच. सातव्या महिन्यापर्यंत मी शाळेत स्कूटरनं जात होते, आणि आमच्या बाजूचा रस्ता तेव्हा पाइपलाइनसाठी खणलेला होता. रोज चार-पाच गचके बसायचे. इंदूरच्या सर्जनबाईंपुढे बसले तेव्हा मी पहिल्यांदा तेच विचारलं.

त्या पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा केसांवर ढकलून ठेवणाऱ्या बाई. हिंदीतच बोलायच्या, पण त्यांचं बोलणं मला आता मराठीतच आठवतं. त्यांनी कागदावर एक वळणावळणाची नळी काढली.

"स्कूटरचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या खाण्याचा नाही, चालण्याचा नाही, झोपण्याचाही नाही. कधी आतड्याला पीळ पडतो. कधी एखाद्या तुकड्याला रक्त पोचत नाही. कधी आतला मळ घट्ट होऊन अडकतो. कधी कारण सापडतच नाही. बाळाच्या आतड्यात जन्माआधीच काळी चिकट शी साठलेली असते. छिद्र पडलं की ती पोटात सांडते. तिच्यात जंतू नसतात, पण ती आत चावते, सूज येते. मग शरीर तिच्यावर चुन्यासारखा लेप चढवतं. तुम्हाला दिसले ते पांढरे ठिपके म्हणजे तो लेप."

"म्हणजे बाळ स्वतःच दुरुस्ती करतंय?" नवऱ्यानं विचारलं.

"प्रयत्न करतंय," बाई म्हणाल्या. "काही बाळांचं छिद्र आपोआप बुजतं आणि ऑपरेशनही लागत नाही. काहींना जन्मल्यावर लगेच लागतं. बाहेर आल्याशिवाय मला सांगता येणार नाही. म्हणून बाळंतपण इथेच करायचं, मी हाकेच्या अंतरावर असेन अशा जागी."

परतीच्या बसमध्ये नवऱ्यानं तो कागद चार वेळा उघडून पाहिला. "लेप चढवतं म्हणे," तो म्हणाला. बाळाविषयी त्याच्या आवाजात अभिमान मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

ती ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी आली. सकाळी, सिझेरियननं. रडली, आणि तिचं रडणं ऐकून मी इतकी खूश झाले की पुढचं काही क्षण कळलंच नाही. मग नर्सनं तिला माझ्या गालाजवळ आणलं. चेहरा मुठीएवढा, आणि त्याखाली पोट ढोलकीसारखं ताणलेलं, चकाकणारं, निळ्या शिरा दिसणारं. तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं, एक हिरवी उलटी केली, आणि तिला घेऊन गेले.

एक्स-रेमध्ये ते चुन्याचे कण दिसले. छिद्र बुजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. मी वरच्या मजल्यावर टाके सांभाळत पडलेले, नवरा खालच्या मजल्यावर दाराबाहेर, आणि सासूबाई दर अर्ध्या तासानं जिन्यानं वर-खाली करणार. लिफ्ट होती, पण "लिफ्टमध्ये वेळ लवकर जातो, मला तो काढायचाय" असं त्यांचं म्हणणं.

दुपारी सर्जनबाई आल्या. चष्मा केसांवर. "झालं," त्या म्हणाल्या. "खराब झालेला तुकडा काढला. बोटभर होता. उरलेलं आतडं चांगलं आहे, भरपूर आहे. पण आत सूज आहे, आत्ताच जोडलं तर जोड टिकायचा नाही. म्हणून आतड्याचं तोंड काही दिवस पोटावर बाहेर आणून ठेवलंय. शी तिथून होईल, पिशवीत. दोन-तीन महिन्यांनी वजन वाढलं की पुन्हा आत जोडू."

मी पाचव्या दिवशी तिला नीट पाहिलं. इवल्याशा पोटावर, बेंबीच्या उजव्या बाजूला, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलं काहीतरी. मला ते पाहवेना. नर्स सहज म्हणाली, "त्याला हात लागला तरी दुखत नाही तिला. तिथं जाणीवच नसते." मी भीतभीत बोटाच्या टोकानं स्पर्श केला. लेक शांत झोपलेली होती. त्यानंतर माझी भीती बरीच उतरली.

मग दुधाचा काळ. आधी नुसतं सलाइन. मग नळीतून माझं दूध, दर तीन तासांनी दोन मिली. दोन मिली म्हणजे किती, तर चमच्याच्या बुडाला ओल येईल एवढं. मी पंपानं काढलेलं दूध फ्रिजमध्ये बाटल्या भरून साठत होतं आणि ती अत्तरासारखं दूध पीत होती. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. दहाव्या दिवशी पिशवीत पहिल्यांदा पिवळट पाणी दिसलं. नवऱ्यानं त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. माझ्या वडिलांनी अकोल्याहून उत्तर पाठवलं, "अभिनंदन." मला वाटतं आमच्या घरातला संकोच त्या दिवशी संपला.

अजून एक तपासणी राहिली होती. अशा बाळांमध्ये कधीकधी अंगातले सगळे रस घट्ट, चिकट करणारा एक जन्मजात आजार असतो, त्यासाठी पुढे थोडी मोठी झाल्यावर घामाची तपासणी केली. तो आजार तिला नव्हता. पण निकाल येईपर्यंतचे दिवस आम्ही दोघंही एकमेकांना न सांगता तिचं कपाळ चाटून पाहायचो, घाम फार खारट लागतो का म्हणून. कुठंतरी वाचलं होतं. एकदा दोघंही एकाच वेळी पकडले गेलो.

पंचविसाव्या दिवशी तिला घरी, नानाखेड्याला आणलं. दवाखान्यात पिशवी बदलायला नर्स असायची. मला शिकवलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. आणि तरी घरी पहिल्या आठवड्यात एकही पिशवी धड टिकली नाही. लावली की दोन तासांत कडेनं सुटायची. आतड्याच्या तोंडातून येणारी शी पातळ आणि जहाल असते, ती कातडीला लागली की कातडी भाजल्यासारखी होते. तिचं पोट लालभडक झालं. पिशवी काढताना ती अशी किंचाळायची की मी पिशवी अर्धवट सोडून तिला छातीशी धरायचे. एका दुपारी तिसऱ्यांदा पिशवी सुटली, तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. सासूबाई पदर तोंडाला लावून गॅलरीत गेल्या.

आमच्या समोरच्या घरात एक काका राहायचे. रेल्वेत गार्ड होते, भुसावळकडचे, निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालेले. पत्नी गेलेली, मुलगी जबलपूरला. सगळी कॉलनी त्यांना शिष्ट समजायची, कारण ते कुणाच्या घरी जात नसत, लग्नाला नाही, सत्यनारायणाला नाही, चहालासुद्धा नाही. ढगळ कुर्ता घालून सकाळी एक फेरी मारायचे आणि दार लावून घ्यायचे. त्या दुपारी आमच्या फाटकाची कडी वाजली. काका उभे होते. हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा.

"वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईंना विचारा, पिशवी टिकत नाही ना?"

सासूबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. पिशवीचं आम्ही कॉलनीत कुणालाच सांगितलं नव्हतं. बाळाच्या पोटाचं लहानसं ऑपरेशन झालंय, एवढंच सांगितलं होतं.

"कचऱ्याच्या गाडीत टाकताना रिकामं पाकीट पाहिलं," काका म्हणाले. "ते पाकीट मी ओळखतो." आणि त्यांनी कुर्त्यावरूनच आपल्या डाव्या बाजूला हात ठेवला. "सहा वर्षं झाली. आतड्याचा कॅन्सर होता. तो गेला, ही राहिली."

सासूबाईंनी दार पूर्ण उघडलं. "या भाऊजी. आत या."

काका आत आले. आमच्या दिवाणावर टेकले. मांडीवरच्या लेकीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. ती रडून दमली होती, हुंदके देत होती. "एवढीशी," ते म्हणाले. मग डबा उघडला. त्यात कात्री, मऊ सुती फडकी, पावडरची डबी आणि मोजपट्टी होती. सगळं रेल्वेच्या टापटिपीनं लावलेलं.

"आधी सांगा, पोटाला तेल लावता?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई छताकडे पाहू लागल्या.

"मी तर बस चार थेंब लावते," त्या म्हणाल्या. "मालिश नको का करायला? आणि पोटाला तर लावतच नाही मी. आजूबाजूला लावते."

"वहिनी, तेलावर चिकटपट्टी चिकटते का?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले. माझ्या वहीत 'तेल नको' असं नर्सनं सांगितलेलं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण मालिश सकाळी मी झोपलेली असताना होत असे. मला राग यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा इतका पडला की मी वही मिटून ठेवली.

काका म्हणाले, "मी माझं सांगतो. बाळाचं वेगळं असू शकतं, ते तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घ्या." आम्ही तिथूनच फोन लावून दवाखान्यातल्या नर्सला स्पीकरवर घेतलं. काका एकेक सांगत गेले आणि ती पलीकडून "हां, सही है" म्हणत गेली. साबण नाही, तेल नाही, कोमट पाणी फक्त. कातडी टिपून कोरडी करायची, पुसायची नाही. लाल झालेल्या जागी पावडर, जादा झाली तर झटकून टाकायची. पिशवीचं भोक त्या लाल तोंडाच्या मापाचंच कापायचं, मोठं कापलं की उरलेली कातडी उघडी राहते आणि भाजते. मी मोठं कापत होते. लाल जागेला टोचेल म्हणून दयेनं मोठं कापत होते.

"लावायच्या आधी पिशवी काखेत धरून गरम करायची," काका म्हणाले, आणि त्यांनी पिशवी खरंच काखेत धरली. "लावल्यावर वरून हात ठेवायचा. हलवायचा नाही. शंभर अंक मोजायचे, सावकाश."

मी हात ठेवला. काका मोजू लागले. त्यांचा आवाज खर्जातला. चाळिसाला लेक रडायची थांबली. सत्तरला तिनं जांभई दिली. शंभर झाले तेव्हा ती झोपली होती आणि सासूबाई चहा टाकायला गेल्या होत्या.

ती पिशवी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. मी नवऱ्याला फोन केला. "चोवीस तास झाले," मी म्हटलं. त्यानं काउंटरवरूनच शेजारच्या सहकाऱ्याला सांगितलं, "चोवीस तास टिकली," आणि सहकारी कसलीही चौकशी न करता म्हणाला, "वा."

काका त्यानंतर रोज सकाळी फेरी संपवून आमच्याकडे यायला लागले. चहा घ्यायचे. "अर्धी भरायच्या आत रिकामी करा, जड झाली की सुटते," असं एकदा बजावायचे आणि पेपर उघडायचे. हळूहळू ते बोलूही लागले. लोकांकडे जाणं का सोडलं, तेही त्यांनीच सांगितलं. एका लग्नात पंगतीत बसले असताना पिशवीचा आवाज झाला होता. कुणी काही बोललं नाही, पण दोघंजण उठून दुसरीकडे जाऊन बसले. "त्या दिवसापासून मीच उठलो," ते म्हणाले. पंचवीस-तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसानं सहा वर्षांत गाडीत पाऊल टाकलं नव्हतं. जबलपूरची मुलगीच येऊन भेटून जायची.

सासूबाईंना तेलाची चुटपुट लागून राहिली होती. त्यांनी ती आपल्या पद्धतीनं फेडली. बाळासाठी दुपटी शिवायला म्हणून त्यांनी भैरवगढहून छापील सुती कापड आणून ठेवलं होतं, लाल-काळ्या बुट्ट्यांचं. त्यातून त्यांनी लेकीच्या पिशवीसाठी छोटे छोटे अभ्रे शिवले. प्लॅस्टिक कातडीला घासत नाही, घाम येत नाही, आणि दिसतंही गोड. रोज नवा अभ्रा. एका सकाळी काका चहा पिऊन निघाले तेव्हा सासूबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या हातात ठेवलं. "घरी जाऊन उघडा," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काका आले. पेपर उघडला, चहा घेतला. उठताना म्हणाले, "वहिनी, माप अगदी बरोबर आहे. तुम्ही कसं ओळखलंत?"

"बाईमाणूस आहे मी," सासूबाई म्हणाल्या. "डोळ्यांनी ब्लाउज बेततो आम्ही."

लेकीचं वजन चार किलोच्या वर गेलं तशी सर्जनबाईंनी तारीख दिली. आधी खालच्या बाजूनं औषध सोडून फोटो काढला, पुढचा मार्ग मोकळा आहे ना हे पाहायला. मोकळा होता. मग ऑपरेशन. या वेळी मी खाली दाराबाहेर होते आणि मला कळलं की पहिल्या वेळी वर पडून राहणं किती सोपं होतं. दोन तासांनी बाई बाहेर आल्या. "जोडलं. आता वाट पाहायची. आतडं झोपलेलं असतं, ते जागं व्हायला तीन-चार दिवस लागतात. शी झाली की समजायचं, काम झालं."

तीन-चार दिवस. पहिला दिवस सलाइनवर गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि "गुडगुडतंय" म्हणाल्या, तर आम्ही दोघांनी एकमेकांचा हात धरला. वॉर्डात आमच्या शेजारी धारच्या एका बाईचा मुलगा होता, त्याचंही आतड्याचंच ऑपरेशन. पलीकडे देवासचं एक जोडपं. सगळ्यांना एकमेकांच्या मुलांच्या पोटाची खबर असायची. सकाळी नमस्काराऐवजी "हुई क्या?" असं विचारायचे. "नहीं, हवा निकली." "चलो, हवा भी अच्छी है."

चौथ्या दिवशी सकाळी नवरा पोहे आणायला गेला होता. मी लेकीला उभं धरलं होतं, माझ्या खांद्यावर तिची मान. तिचं अंग एकदम ताठ झालं. चेहरा लाल झाला. जन्मल्यापासून साडेतीन महिने तिनं या कामासाठी कधी जोर लावला नव्हता, त्यामुळे स्वतःचंच तिला नवल वाटत असावं. आणि माझ्या हाताला लंगोटातून ऊब लागली.

मी जागची हलले नाही. धारच्या बाईनं माझ्याकडे पाहून विचारलं, "क्या हुआ दीदी?"

"हो गई," मी म्हटलं.

ती उठली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. देवासच्या जोडप्यानंही वाजवल्या. नर्स धावत आली, तिनं लंगोट उघडून पाहिला आणि वजनकाट्यावर ठेवला, तेही वॉर्डभर सगळ्यांनी पाहिलं. नवरा पोहे घेऊन दारात आला तेव्हा टाळ्या चालूच होत्या. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. पोह्यांची पाकिटं त्यानं वॉर्डात वाटून टाकली आणि आम्हाला दोघांना काहीच उरलं नाही.

घरी फोन केला. सासूबाईंनी ऐकलं आणि त्या रडल्या, मग तासाभरात कॉलनीत जिलेबी वाटली. बायका विचारायच्या, "किस खुशी में?" त्या हिंदी-मराठी मिसळून सांगायच्या, "पोतीनं शी केली." मला हे नंतर कळलं. मी म्हटलं, "आई, काहीतरी दुसरं सांगायचं." तर म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, बेटा? जिलेबी सगळ्यांनी खाल्ली न."

काकांना मी स्वतः फोन केला. मग त्यांचा तो खर्जातला आवाज आला, "लाइन क्लिअर मिळाली म्हणायची."

घरी आल्यावर एक नवीन लढाई होतीच. तिच्या बुडाला शीची सवयच नव्हती, ते महिनाभर लालेलाल राहिलं. दिवसातून दहा-बारा वेळा व्हायची. मग आठ वेळा, मग पाच. मालिश पुन्हा सुरू झाली, आणि सासूबाईंनी तीन महिन्यांचं राहिलेलं तेल महिनाभरात वसूल करून घेतलं. लेक तेलात आणि हसण्यात सारखीच चकचकीत दिसायची.

तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधी काका जबलपूरला गेले. नवऱ्यानं तिकीट काढलं, खालचा बर्थ, दाराजवळचा. सासूबाईंनी तीन नवे अभ्रे दिले. आम्ही सगळे स्टेशनवर सोडायला गेलो. लेक माझ्या कडेवर होती. काकांनी डब्यात सामान लावलं, पुन्हा दारात येऊन उभे राहिले आणि सवयीनं आधी गाडीच्या मागच्या टोकाकडे पाहिलं, मग पुढे सिग्नलकडे. महिन्याभरानं परत आले ते चार किलोनं वाढून. मुलीनं खाऊ घातलं म्हणाले. आता ते लग्नाला जातात. पंगतीत शेजारी कोण बसणार हे सासूबाई आधीच ठरवून टाकतात, एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला मी.

लेक आता चार वर्षांची आहे. सगळं खाते, भुट्ट्याच्या किसापासून शेव-परमलच्या मुरमुऱ्यांपर्यंत. पोटावर आडवी एक रेघ आहे, तिला ती 'माझी चेन' म्हणते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिला वार्षिक तपासणीसाठी इंदूरला नेलं होतं. सर्जनबाईंनी पोट दाबून पाहिलं, वजन पाहिलं, उंची पाहिली. मग चष्मा केसांवर ढकलून नेहमीचा प्रश्न विचारला, "शी रोज होते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण लेकीनं मला थांबवलं. "मला विचारलंय," ती म्हणाली. आणि बाईंकडे वळून हिंदीत म्हणाली, "रोज़ होती है। आपकी होती है?"

नवऱ्यानं मान खाली घातली. बाई मात्र जराही हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचार केला.

"प्रवासात असले तर नाही होत," त्या म्हणाल्या.

"पाणी पीत जा," लेकीनं सांगितलं.

बाईंनी तिच्या फाइलवर काहीतरी लिहिलं आणि ती माझ्या हातात दिली. आता दरवर्षी यायची गरज नाही, काही वाटलं तरच या, असं त्या म्हणाल्या. बाहेर येऊन आम्ही छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गेलो आणि लेकीनं दोन प्लेट पाणीपुरी मागितली. एकीच्या पुऱ्या तिनं आम्हाला दिल्या.